गटे येण्याआधीचे वाइमार

जर्मनीतील वाइमारला येणारा प्रवासी बहुधा थोर कवी गटेच्या घरापासून सुरुवात करतो, तिथून त्याचा मित्र, नाटककार शिलरच्या घरी जातो आणि संध्याकाळी नाट्यगृहासमोरच्या दोघांच्या पुतळ्यापाशी छायाचित्र काढून परततो. डचेस आना आमालियाचे नाव त्याच्या कानावर पडते ते कवींना आश्रय देणारी, संगीताची जाण असलेली, हौशी राजस्त्री म्हणून. परंतु गटे वाइमारला पोहोचला ७ नोव्हेंबर १७७५ रोजी, आणि आना आमालियाने जवळजवळ सोळा वर्षे सांभाळलेला वाइमार संस्थानाचा राज्यकारभार थोरल्या मुलाच्या स्वाधीन केला तो त्याच वर्षीच्या ३ सप्टेंबरला. तिच्या आयुष्यातील सर्वांत अवघड काम गटे त्या गावात पाऊल ठेवण्यापूर्वीच पुरे झाले होते. पुण्यात जर्मन शिकत असल्यापासून ही गोष्ट माझ्या मनात होती, आणि म्हणून या वेळी मी वाइमारला थेट न जाता वोल्फेनब्यूटल या तिच्या जन्मगावापासून निघायचे ठरवले. शेजारच्या ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठात शिकणारी माझी भाची बरोबर यायला तयार झाली, त्यामुळे मुक्कामाचाही प्रश्न सुटला.

मंगळवार, वोल्फेनब्यूटल

ब्राउनश्वाइगहून लोकल गाडीने वोल्फेनब्यूटल अगदी जवळ आहे. स्थानकातून बाहेर पडल्यावर लाकडी चौकटीत विटा आणि गिलावा भरून बांधलेल्या घरांच्या रांगा सुरू होतात, आणि त्या ओलांडून आपण एका मोठ्या चौकात येतो. चौकाच्या एका अंगाला राजवाडा, समोर जुने शस्त्रागार, त्याच्या बाजूला नाटककार लेसिंगचे घर आणि मागे हेर्त्सोग आउगुस्ट ग्रंथालय. या सर्व इमारती एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि हे अंतर पायांनी मोजून पाहणे हेच माझ्या इथे येण्याचे कारण होते.

आना आमालियाचा जन्म याच गावी २४ ऑक्टोबर १७३९ रोजी झाला. वडील ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्यूटलचे ड्यूक कार्ल पहिले; आई फिलिपीन शार्लोट ही प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश, म्हणजे फ्रेडरिक द ग्रेट, याची सख्खी बहीण. तेरा अपत्यांपैकी ती पाचवी. राजवाड्यातील सजवलेली दालने आज संग्रहालय म्हणून पाहता येतात. भिंतींवरचे रेशमी कापड, हस्तिदंती जडावकामाचे एक छोटे दालन, तक्तपोशीवरची चित्रे हे सारे वैभव नीट जपलेले आहे. त्या दालनांतून फिरताना मात्र तिनेच पुढे लिहिलेले टिपण सतत आठवत होते. ‘माझे विचार’ अशा शीर्षकाच्या त्या अपूर्ण आत्मकथनात तिने नोंदवून ठेवले आहे की आईवडिलांचे प्रेम तिला मिळाले नाही, प्रत्येक गोष्टीत भावंडांना पुढे केले गेले आणि तिला मागे ठेवले गेले. राजघराण्यातील मुलीने स्वतःच्या बालपणाविषयी इतके उघडपणे लिहावे, हे त्या काळात दुर्मीळच म्हणावे लागेल.

राजवाड्यातून ग्रंथालयाकडे जाताना तिच्या लहानपणीची इमारत आता तिथे नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. सतराव्या शतकात ड्यूक आउगुस्ट धाकटे यांनी जमवलेला येथील ग्रंथसंग्रह युरोपातील सर्वांत मोठ्या संग्रहांत गणला जाई. त्यासाठी १७०६ ते १७१० या काळात केवळ ग्रंथांसाठी अशी एक स्वतंत्र वास्तू उभारली गेली. वर घुमट, आत लंबवर्तुळाकार सभागृह, खांबांच्या कड्याभोवती कपाटे आणि उंचावरच्या खिडक्यांतून येणारा उजेड, अशी तिची रचना होती. तिच्या उभारणीच्या काळात तत्त्वज्ञ लायब्निट्झ हा येथील ग्रंथपाल होता. ही वास्तू १८८७ मध्ये पाडण्यात आली आणि सध्याची भक्कम दगडी इमारत तिच्या जागी आली. जुन्या वास्तूची चित्रे आत पाहायला मिळतात. मी त्या चित्रांपुढे बराच वेळ उभी राहिले, कारण वाइमारच्या ग्रंथालयातही लंबवर्तुळाकार सभागृह आहे, आणि ते ज्या बाईने उभारून घेतले तिचे बालपण या घुमटाच्या शेजारी गेले होते. वाइमारच्या आराखड्यामागे वोल्फेनब्यूटलची आठवण असावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

लेसिंग येथे ग्रंथपाल म्हणून आला तो १७७० मध्ये, म्हणजे ती हे गाव सोडून गेल्यानंतर खूप वर्षांनी. त्याचे पिवळसर रंगाचे टुमदार घर सुंदर आहे, पण आमच्या विषयाशी त्याचा संबंध दूरचा असल्याने आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही.

बुधवार, ब्राउनश्वाइग

१७५३ मध्ये दरबार वोल्फेनब्यूटलहून ब्राउनश्वाइगला हलला, तेव्हा आना आमालिया चौदाव्या वर्षात होती. ज्या राजवाड्यात तिची पुढची अडीच-तीन वर्षे गेली तो आज कुठेच उरलेला नाही. १८३० च्या उठावात तो जळाला; त्या जागी बांधलेला दुसरा राजवाडा महायुद्धातील पडझडीनंतर १९६० मध्ये पाडला गेला; आणि २००७ मध्ये त्याचा दर्शनी भाग पुन्हा बांधून त्यामागे बाजारसंकुल उभे करण्यात आले. स्तंभांच्या रांगेखालून आत शिरले की एका बाजूला कपड्यांची दुकाने लागतात. भाचीच्या मैत्रिणी इथेच भेटतात, त्यामुळे तिच्या दृष्टीने हा राजवाडा म्हणजे भेटण्याचे ठिकाण. मला त्या दर्शनी भागापेक्षा तिच्या विद्यापीठाचेच अधिक कुतूहल होते.

हे विद्यापीठ आपली परंपरा १७४५ मध्ये स्थापन झालेल्या कोलेगिउम कारोलिनुम या संस्थेपर्यंत नेते. ती संस्था आना आमालियाच्या वडिलांनी काढली, आणि तिच्यामागची कल्पना होती योहान फ्रीडरिश व्हिल्हेल्म येरुझालेम या धर्मोपदेशकाची. लॅटिन शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधले शिक्षण द्यायचे, त्यात गणित, निसर्गविज्ञान, आधुनिक भाषा आणि व्यवहारोपयोगी विषय घ्यायचे, असा त्यांचा विचार होता. राजकन्येला संस्थेच्या वर्गात बसण्याची मुभा अर्थातच नव्हती, परंतु हेच येरुझालेम तिचे शिक्षक होते. तिला मिळालेले शिक्षण त्या काळच्या राजकन्यांच्या मानाने पुष्कळच चांगले होते, आणि संगीताचा पाया तर इथेच पक्का झाला. या येरुझालेम यांच्या तरुण मुलाने १७७२ मध्ये व्हेट्स्लार येथे आत्महत्या केली आणि त्या घटनेतून गटेच्या ‘वेर्थर’ कादंबरीला बीज मिळाले. तिच्या गुरूच्या घरातील दुःखातून कीर्तीला चढलेला लेखक पुढे तिच्याच गावी येऊन स्थायिक व्हावा, हा योग विलक्षण आहे.

१६ मार्च १७५६ रोजी ब्राउनश्वाइगमध्ये तिचा विवाह झाला. वर होता साक्स-वाइमार-आयझेनाखचा ड्यूक एर्न्स्ट आउगुस्ट दुसरा कॉन्स्टान्टीन. त्याचे वय अठरा, प्रकृती नाजूक. वधूचे वय सोळा. राजकन्यांची लग्ने जशी लावून देतात तसे माझेही लावून देण्यात आले, अशा आशयाचे एक कोरडे वाक्य तिने या प्रसंगाविषयी लिहिले आहे. घाई दोन्हीकडे होती. वाइमारच्या घराण्याला वारस हवा होता, कारण तो न झाल्यास संस्थान शेजारच्या नात्यातील घराण्यांकडे गेले असते. आणि ब्राउनश्वाइगला मुलींची स्थळे जमवायची होती.

दुपारी आम्ही इथल्या कॅथेड्रलमध्ये गेलो. खालच्या तळघरात वेल्फ या तिच्या माहेरच्या घराण्यातील ड्यूकांच्या शवपेट्या ओळीने ठेवलेल्या आहेत. त्यांत तिचा थोरला भाऊ कार्ल व्हिल्हेल्म फर्डिनांड याचीही आहे. ऑक्टोबर १८०६ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत प्रशियाच्या सैन्याचे नेतृत्व करताना तो वाइमारपासून फार दूर नसलेल्या आउअरश्टेट येथे प्राणांतिक जखमी झाला आणि १० नोव्हेंबरला हॅम्बुर्गजवळ ऑटेन्झेन येथे मरण पावला. त्याचे अवशेष १८१९ मध्ये इथे आणले गेले. त्या पराभवाचा आघात तिच्यावर कसा झाला, ते पुढे येईलच.

गुरुवार, प्रवास

दिवसाचा बराच वेळ गाडीत गेला. वाटेत गाडी बदलावी लागते आणि हाले शहरानंतर झाले नदीच्या काठाने दक्षिणेकडे जावे लागते. या मार्गाच्या पश्चिमेला रोसबाख हे खेडे आहे. तिच्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, ऑगस्ट १७५६ मध्ये, तिच्या मामाने म्हणजे फ्रीडरिशने साक्सनीवर स्वारी केली आणि सप्तवार्षिक युद्ध सुरू झाले. ३ सप्टेंबर १७५७ रोजी तिला पहिला मुलगा झाला, कार्ल आउगुस्ट. त्यानंतर दोन महिन्यांनी, ५ नोव्हेंबरला, रोसबाखला फ्रीडरिशने फ्रेंच आणि पवित्र रोमन साम्राज्याच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. थ्युरिंगेनचा हा सारा मुलूख त्या वेळी सैन्यांच्या येण्याजाण्याखाली भरडला जात होता. वाइमार हे पवित्र रोमन साम्राज्यातील संस्थान असल्यामुळे त्याला सम्राटाच्या बाजूने सैनिक पुरवणे भाग होते, आणि ते सैनिक ज्याच्याविरुद्ध पाठवायचे तो राणीचा सख्खा मामा होता.

२८ मे १७५८ रोजी तिचा नवरा वारला. ती अठरा वर्षांची होती आणि दुसऱ्यांदा गरोदर होती. ८ सप्टेंबरला दुसरा मुलगा कॉन्स्टान्टीन जन्मला. कायद्याने ती स्वतःच अज्ञान असल्यामुळे सुरुवातीला तिच्या वतीने तिच्या वडिलांकडे कारभाराचे अधिकार गेले. १७५९ मध्ये सम्राट फ्रान्झ पहिला याने तिला मुदतीआधी सज्ञान ठरवले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती संस्थानाची राजप्रतिनिधी व दोन्ही मुलांची पालक झाली. आत्मकथनात ती या वर्षांना आयुष्यातील सर्वांत मोठे पर्व म्हणते: एकाच काळात ती पुन्हा आई झाली, विधवा झाली, पालक झाली आणि राज्यकर्ती झाली. कामकाजाची आपल्याला काहीच माहिती नव्हती आणि ती मिळवण्यासाठी रात्रंदिवस अभ्यास केला, असेही तिने लिहिले आहे.

संध्याकाळी वाइमारला उतरलो. स्थानकावरून जुन्या गावाकडे जाणारा रस्ता उताराचा आहे, आणि सामान असले तरी पायी जाता येते.

शुक्रवार, वाइमारचे ग्रंथालय

ग्रंथालयाच्या ऐतिहासिक सभागृहात दररोज ठरावीक लोकांनाच प्रवेश देतात, त्यामुळे तिकिटे आधीच काढून ठेवली होती. जोड्यांवर फेल्टच्या सपाता चढवून आत शिरावे लागते, आणि लाकडी जमिनीवरून घसरत चालल्यासारखे आपण त्या पांढऱ्या, सोनेरी आणि फिक्या निळ्या सभागृहात येतो. चौकोनी इमारतीच्या आत खांबांचे लंबवर्तुळ उभे केले आहे. खांब आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये फिरायला वाट आहे आणि दोन्ही बाजूंना कपाटे. वर सज्जा, त्यालाही ग्रंथांची कड. खांबांपाशी गटे, शिलर, विचारवंत हेर्डर, कादंबरीकार व्हीलांट यांचे अर्धपुतळे आहेत. वोल्फेनब्यूटलला पाहिलेले चित्र अजून ताजे असल्यामुळे मला इथे ओळखीच्या घरात आल्यासारखे वाटले.

या इमारतीची कथा जरा सविस्तर सांगायला हवी. सोळाव्या शतकातील हा वाडा ‘हिरवा वाडा’ म्हणून ओळखला जाई. आना आमालियाने १७६१ ते १७६६ या काळात तो ग्रंथालयासाठी आतून नव्याने बांधून घेतला. ही वर्षे लक्षात घेतली पाहिजेत. युद्ध संपले १७६३ मध्ये. म्हणजे संस्थानाची तिजोरी रिकामी असताना, सैन्याच्या मागण्या चालू असताना, आपण स्वतः विशीच्या आरंभी असताना तिने हे काम हाती घेतले. तोपर्यंत ग्रंथसंग्रह राजवाड्यात ठेवलेला होता. १७६६ मध्ये तो इथे हलवण्यात आला. त्यानंतर आठ वर्षांनी, ६ मे १७७४ रोजी, राजवाड्याला आग लागली आणि तो जवळजवळ संपूर्ण जळून गेला. ग्रंथ तिथेच राहिले असते तर त्यांतले काही वाचले असते असे वाटत नाही. तिच्या सोळा वर्षांच्या कारभारातील कोणत्याही एका निर्णयाचे फळ आज हाताने स्पर्श करून पाहता येत असेल तर ते या निर्णयाचे.

१६९१ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयाला तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९९१ मध्ये, तिचे नाव देण्यात आले. दुसरी आग मात्र चुकली नाही. २ सप्टेंबर २००४ च्या संध्याकाळी छपराखालच्या मजल्यावर आग लागली. सुमारे पन्नास हजार ग्रंथ नष्ट झाले आणि बासष्ट हजार ग्रंथांना आगीची किंवा पाण्याची झळ पोहोचली. कर्मचारी आणि गावातले लोक यांनी साखळी करून सुमारे अठ्ठावीस हजार ग्रंथ हातोहात बाहेर काढले. ल्यूथरचे १५३४ चे बायबल ग्रंथालयाच्या संचालकांनी स्वतः आत जाऊन आणले. ग्रंथ नव्या भूमिगत कोठारात हलवण्याची तयारी पूर्ण होत आली होती आणि हलवाहलव काही आठवड्यांवर आली होती, हे वाचले की जीव हळहळतो. जे गेले त्यात तिने स्वतः जमवलेल्या संगीताच्या संग्रहाचा फार मोठा भाग होता. भिजलेले ग्रंथ गोठवून, निर्वात यंत्रात वाळवून टिकवले गेले. कडा जळून कोळसा झालेली पाने आजही एकेक करून कागदाच्या लगद्याने भरून काढली जात आहेत. दुरुस्तीचे हे काम दाखवणारी काही पाने काचेखाली ठेवली आहेत. मधला मजकूर शाबूत आणि चारही बाजूंना नवा पांढरा कागद, अशी ती दिसतात. सभागृह पुन्हा उघडले ते २४ ऑक्टोबर २००७ रोजी, तिच्या वाढदिवशी.

भाचीने विचारले, “मावशी, पण राज्य चालवताना तिने नेमके केले काय?” प्रश्न रास्त होता. तिने फार मोठ्या सुधारणा केल्या असे म्हणता येणार नाही, आणि अलीकडचे इतिहासकारही तिच्या कारभाराचे मोजमाप पूर्वीपेक्षा सावधपणे करतात. सरदार-जमीनदारांच्या सभेच्या संमतीशिवाय नवा कर बसवता येत नव्हता. मंत्र्यांचे आपापसांत पटत नव्हते. १७७० नंतरची दोन वर्षे मध्य युरोपभर नापिकीची आणि उपासमारीची गेली. अशा काळात एक छोटे, दोन तुकड्यांत विभागलेले संस्थान युद्धातून सावरून, वाटणी किंवा परक्याचा ताबा न येऊ देता, वारसाच्या हाती सुखरूप सोपवणे हेच तिचे काम होते आणि ते तिने केले. माझ्या मते याहून मोठे श्रेय शोधण्याची गरज नाही.

त्याच्या जोडीला तिने माणसे गोळा केली. १७७१ मध्ये आबेल झायलर याची नाटक मंडळी वाइमारला आली. मे १७७३ मध्ये व्हीलांटच्या शब्दांना आंटोन श्वाइट्सर याने संगीत दिलेला ‘आल्सेस्ट’ हा जर्मन भाषेतील ऑपेरा इथे प्रथम झाला. जर्मन दरबारांत तेव्हा इटालियन ऑपेरा आणि फ्रेंच नाटक यांचीच चलती होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाचे मोल कळते. व्हीलांटला तिने एरफुर्टच्या विद्यापीठातून १७७२ मध्ये थोरल्या मुलाचा शिक्षक म्हणून बोलावून घेतले. नामवंत कादंबरीकाराला मुलाच्या शिक्षणासाठी नेमण्याचा हा निर्णयच वाइमारच्या पुढच्या साहित्यिक कीर्तीचा आरंभ आहे. १७७३ पासून व्हीलांटचे मासिक इथून निघू लागले. गटे आला तेव्हा या गावात वाचणारे, नाटक बघणारे आणि वाद घालणारे लोक आधीच होते.

शनिवार, विट्टुम्सपाले आणि टीफुर्ट

राजवाडा जळाल्यावर तिला राहायला जागा उरली नाही. तिचा मंत्री याकोब फ्रीडरिश फोन फ्रिच याने गावाच्या कडेला नुकतेच स्वतःसाठी बांधलेले घर तिला दिले, आणि मृत्यूपर्यंत ती तिथेच राहिली. विट्टुम्सपाले म्हणजे विधवेला निर्वाहासाठी नेमून दिलेला वाडा. वाडा हा शब्द थोडा मोठाच आहे. बाहेरून ते एका सुखवस्तू अधिकाऱ्याचे घर वाटते. आत मेजवानीचे दालन, चित्रे काढण्याची खोली, आणि ज्या खोलीत तिची मंडळी संध्याकाळी गोल टेबलाभोवती बसत ती खोली.

या बैठकीचे गेओर्ग मेल्खिओर क्राउस याने १७९५ च्या सुमारास काढलेले जलरंगातील चित्र प्रसिद्ध आहे. त्यात कोणी वाचून दाखवतो आहे, कोणी विणते आहे, हेर्डर एका टोकाला बसला आहे, गटे आहे, वाइमारमध्ये स्थायिक झालेले गोर हे इंग्रज कुटुंब आहे, आणि मध्यभागी आना आमालिया स्वतः चित्र काढते आहे. चित्रावरून वाटते की इथे पदांचा भेद मिटून गेला होता. तो मिटला नव्हता. ती डचेस होती आणि बाकीचे तिच्या बोलावण्यावरून येत होते. पण त्या काळच्या जर्मन दरबारी रिवाजात सरदारकुळातील बाई आणि धर्मोपदेशक यांनी एकाच टेबलाशी बसून एकाच विषयावर बोलणे, एवढेदेखील सोपे नव्हते.

गटे आणि ती यांच्यात प्रेमसंबंध होते आणि गटेची वाइमार दरबारातील मैत्रीण फ्राउ फोन श्टाइन हिला त्याने लिहिलेली पत्रे खरे तर आना आमालियालाच उद्देशून होती, असे सांगणारा एक तर्क गेल्या काही वर्षांत गाजला. अभ्यासकांनी तो स्वीकारलेला नाही, आणि मला तर तो अन्यायकारकच वाटतो. एखाद्या बाईने राज्य चालवले, ऑपेरे रचले, चाळिशीनंतर ग्रीक शिकून घेतले, तरी तिचे महत्त्व शेवटी कोणत्या पुरुषाने तिच्यावर प्रेम केले यावरच ठरवायचे, ही दृष्टी आता सोडून द्यायला हवी.

दुपारी इल्म नदीच्या काठाने टीफुर्टपर्यंत चालत गेलो. झाडीतून वळणे घेत जाणारी ही वाट वाइमारमधील सर्वांत सुखद वाट आहे. टीफुर्टचे घर म्हणजे मुळात शेती कसणाऱ्या खंडकऱ्याचे घर. आधी तिचा धाकटा मुलगा कॉन्स्टान्टीन तिथे शिक्षकासह राहिला आणि १७८१ पासून ते तिचे उन्हाळी निवासस्थान झाले. खोल्या बुटक्या, जिने अरुंद. ‘टीफुर्टचे नियतकालिक’ या नावाचे हस्तलिखित मासिक १७८१ ते १७८४ या काळात इथून निघत असे. हाताने प्रती काढून ती मोजक्या वाचकांना दिली जात आणि लेखकांची नावे त्यात दिली जात नसत. २२ जुलै १७८२ च्या रात्री याच नदीकाठी गटेचे ‘कोळीण’ हे संगीतक झाले. झाडांमध्ये आणि पाण्याच्या कडेला शेकोट्या पेटवल्या होत्या, आणि गायिका कोरोना श्र्योटर हिने सुरुवातीलाच ‘एर्लक्योनिग’ हे गीत गायले. पुढे संगीतकार शूबर्टच्या चालीमुळे जगभर पोचलेले हे गीत प्रथम ऐकले गेले ते या काठावर.

संगीत ती केवळ ऐकत नसे. गटेच्या ‘एर्विन आणि एल्मीरे’ला १७७६ मध्ये तिने संगीत दिले, तसेच १७७८ मध्ये त्याच्या ‘प्लुंडर्सवाइलर्नची जत्रा’ या प्रहसनालाही. ‘एर्विन’मधली गाणी ध्वनिमुद्रणात ऐकता येतात; ती सरळ, स्वच्छ आणि गळ्याला मानवणारी आहेत, आणि दोन-तीन ठिकाणी तरी मनाला भिडतात.

बागेत तिने उभारलेली स्मारके विखुरलेली आहेत. मोत्सार्टचे एक आहे, १७९९ मधले, जर्मनीतील सर्वांत जुन्यांपैकी. दुसरे तिच्या लेओपोल्ट या भावाचे, जो १७८५ मध्ये ओडर नदीच्या पुरात बुडाला. आणि एक कॉन्स्टान्टीनचे, जो फ्रान्सविरुद्धच्या मोहिमेवर असताना सप्टेंबर १७९३ मध्ये आजाराने गेला. त्याच्या जन्मापूर्वीच त्याचे वडील वारले होते, आणि पस्तीस वर्षांचाही होण्याआधी तो स्वतः गेला. या स्मारकापाशी आम्ही थोडा वेळ बसलो.

रविवार, एटर्सबुर्ग

टीफुर्टच्या आधी तिचे उन्हाळे एटर्सबर्ग टेकडीच्या उत्तरेकडील एटर्सबुर्गच्या महालात जात. ‘जत्रा’ हे प्रहसन तिच्या संगीतासह इथेच झाले, आणि १७७९ च्या जुलैमध्ये गटेच्या गद्य ‘इफिगेनी’ या नाटकाचा प्रयोगही, गटे त्यात ओरेस्ट झाला होता.

या महालापासून जंगलातून जाणारी एक सरळ वाट आहे. जुन्या शिकारीच्या वाटेवर १९९९ मध्ये ती पुन्हा मोकळी करण्यात आली, आणि ती संपते नाझींच्या बुखेनवाल्टच्या छळछावणीशी. १९३७ ते १९४५ या काळात तिथे सुमारे २,८०,००० माणसे डांबली गेली आणि सुमारे ५६,००० मारली गेली. अठराव्या शतकातील एका डचेसचा माग काढणाऱ्या प्रवाशाने ही वाट टाळावी, असे मला वाटत नाही. आम्ही ती शेवटपर्यंत चाललो आणि दिवसाचा उरलेला भाग छावणीच्या स्मारकात घालवला. त्याविषयी याच लेखात दोन-चार ओळी लिहून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. त्यासाठी स्वतंत्रच लिहायला हवे.

सोमवार, हेर्डरचे चर्च

सोमवारी वाइमारची संग्रहालये बंद असतात, चर्च मात्र उघडे असते. संत पीटर आणि पॉल यांचे हे चर्च हेर्डरच्या नावाने ओळखले जाते. हेर्डर इथे १७७६ पासून मृत्यूपर्यंत मुख्य धर्मोपदेशक होता. कालिदासाचे ‘शाकुंतल’ गेओर्ग फोर्स्टरच्या अनुवादातून १७९१ मध्ये जर्मनीत आले, तेव्हा गटेप्रमाणेच ज्याला त्याने भारून टाकले तो हा हेर्डर. त्याची समाधीशिला मध्यवाटेत आहे. वेदीवर चित्रकार क्रानाख पितापुत्रांचे १५५५ मध्ये पूर्ण झालेले भव्य चित्र. आणि याच चर्चमध्ये आना आमालिया चिरविश्रांती घेते आहे.

तिच्या अखेरच्या वर्षांविषयी थोडे सांगायचे राहिले. ऑगस्ट १७८८ मध्ये, एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्याआधी, ती इटलीला निघाली आणि जून १७९० मध्ये परतली. यातला बहुतेक काळ रोम आणि नेपल्समध्ये गेला; आंगेलिका काउफमानने तिचे व्यक्तिचित्र काढले, टिशबाइनने तिला पाँपेईच्या अवशेषांत एका समाधीच्या दगडी बाकावर बसलेली रंगवले. एवढी मोकळी ती आधी कधी नव्हती आणि नंतरही झाली नाही. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना आणि आउअरश्टेटच्या लढाया झाल्या, प्रशियाचे सैन्य मोडले, वाइमारमध्ये लूट झाली. ती गाव सोडून गेली होती. तिची सून लुईझे मागे राहिली आणि नेपोलियनसमोर धीराने उभी ठाकली. महिनाअखेरीस आना आमालिया परत आली. नोव्हेंबरमध्ये भाऊ गेला, त्याचे राज्य फ्रेंचांनी घेतले. १० एप्रिल १८०७ रोजी ती निवर्तली.

तिच्या स्मरणार्थ गटेने लिहिलेला मजकूर संस्थानातील चर्चमधून वाचून दाखवण्यात आला. मी तो भाचीबरोबर चर्चबाहेरच्या बाकावर बसून वाचला. गटेने त्यात नाटके आणि बैठका यांच्याआधी तिच्या राजप्रतिनिधित्वाला जागा दिली आहे. त्या कारभाराने मुलखाचे अनेक प्रकारे भले झाले, संकटांतूनही सुधारणांना निमित्त मिळाले, न्यायव्यवस्था आणि राज्याची अर्थव्यवस्था बळकट झाली, असे तो सांगतो. स्वतः तिथे पोहोचण्यापूर्वीच्या ज्या वर्षांचा तो साक्षीदार नव्हता, ती वर्षे संस्थानातल्या शेतकऱ्यांना आणि कारागिरांना ठाऊक होती, आणि हा मजकूर ऐकणारे श्रोते तेच होते.